सगळीकडे वाटच

माझी मावशी लेम्पी हापाला एकतीस वर्षं आंधळी आहे, आणि एकतीस वर्षं रोज सकाळी एकटी जंगलात जाते. तळ्याकाठच्या तिच्या घरामागून निघणारी वाट मेपलच्या तीन जुन्या झाडांपाशी संपते. तिथे मे महिन्यात रानलसूण उगवते. मावशी काठी दारातच ठेवते. पुढे पातळ तळाचे बूट पुरतात.

"वाट कडक, जंगल मऊ," ती सांगायची. "पाऊल बुडालं की मागे घ्यायचं. एवढ्याला डोळे कशाला लागतात?"

वाटेच्या दोन्ही बाजूंना घोट्याएवढी पाचोळ्याची गादी होती, वर्षानुवर्षं साठलेली. तिच्यातून नेचे आणि तीन पाकळ्यांची पांढरी फुलं वर यायची. चालण्याचा आवाज ती गादी पिऊन टाकायची.

डुलुथ शहरात राहणाऱ्या तिच्या मुलीनं, डोरीननं, बजावून ठेवलं होतं, "आई, ज्या दिवशी वाट चुकशील त्या दिवशी माझ्याकडे यायचं. कुरकुर नको."

"तुझ्या त्या सदनिकेत मी मोरीपर्यंतही चुकेन," मावशी म्हणाली. पण तिनं कबूल केलं.

मागच्या वर्षी ती म्हणू लागली, "रायमो, वाट रुंद झालीये रे."

"वाट नाही, तू बारीक झालीस. वेलचीपाव खा अजून एक."

ती हसली नाही.

यंदाच्या मे महिन्यात एका दमट सकाळी ती परतली नाही. सहकारी दुकानात कामाला जाण्याआधी मी तिच्याकडे कॉफी घेतो. साडेआठ म्हणजे साडेआठ. पावणेनऊला मी जंगलात शिरलो.

मासेमारी सोडल्यापासून मी त्या बाजूला फिरकलो नव्हतो. गादी राहिली नव्हती. उघडी काळी माती, कॉफीच्या चोथ्यासारखी दाणेदार. झाडांची मुळं म्हाताऱ्या हातावरच्या शिरांसारखी वर आलेली. एक नेचा नाही, एक पांढरं फूल नाही, मेपलचं एक रोपटं नाही. नुसती थोराड झाडं. मातीत काही वाळकी पानं उभी होती, देठ खाली, पातं वर, कुणी रोवल्यासारखी. मी पाहत असतानाच त्यातलं एक पान किंचित खाली गेलं.

तीन मेपल एकीकडे आणि मावशी भलतीकडेच, एका झाडाला पाठ टेकून उभी.

"हलू नकोस," ती म्हणाली. "ऐक."

वारा नव्हता. तरी चहूबाजूंनी बारीक सळसळ येत होती, जमिनीलगत.

"सगळीकडे वाटच आहे, रायमो. पाय टाकावा तिथे वाट. घरची कशी ओळखू?"

"गांडुळं आहेत, मावशी. पानं बिळात ओढून खातात, गादी त्यांनीच संपवली."

"आपल्या जंगलात गांडुळं नव्हती. आजोबांनी घराचा पाया खणला, तेव्हा एक निघालं नव्हतं. मग आली कुठून?"

मी वाकून मूठभर माती उचलली.

"शनिवारी मासे धरून येताना तू इथे थांबायचास," ती म्हणाली. "डबा झाडावर आपटायचास. टक, टक, टक. घरात ऐकू यायचं."

गळाला लावून उरलेली गांडुळं मी तिथे डब्यातून झटकून सोडायचो. पंचवीस-तीस उन्हाळे. बागेला चांगली ती जंगलालाही चांगली, असं वाटायचं. उरलेलं आमिष जमिनीवर टाकू नका, अशी पाटी पुढे तळ्याच्या धक्क्यावर लागली. मी ती नीट वाचली, आणि ती इतरांसाठी आहे असं समजलो.

"मला वाटायचं, पोरगं दयाळू आहे," मावशी म्हणाली. "मरायला टाकत नाही."

रविवारी डोरीन आली, तेव्हा मी सगळं सांगितलं, डब्यासकट.

"झाडांना दोरी बांधू?" मी विचारलं.

"दोरीनं गाय नेतात," मावशी आतून ओरडली.

"मग तूच सांभाळ," डोरीन मला म्हणाली. "एक सकाळ जरी चुकवलीस तरी मी तिला घेऊन जाईन."

आता रोज सातला मी पुढे जाऊन तीन मेपलखाली उभा राहतो आणि तोच रिकामा डबा खोडावर वाजवतो. टक, टक, टक. मावशी आवाजाच्या रोखानं येते. रानलसणीची चार पानं उरली आहेत; ती वाकून वास घेते, तोडत नाही.

पूर्वी जंगलात तिची पावलं ऐकू यायची नाहीत. आता प्रत्येक पाऊल ऐकू येतं. मध्येच ती थांबते. मीही डबा थांबवतो. जमिनीलगतची सळसळ मात्र थांबत नाही.