उतरवलेली कावीळ

"कावीळवाली कोण आहे?" सिस्टरनं दारातूनच आवाज दिला. बाकावर आम्ही सगळ्या पोटुशा बायका ओळीनं बसलेलो. माझ्या शेजारची तर हातभर लांब सरकली. मी उठले आणि म्हटलं, "मी. मला नाव आहे, पुढच्या वेळी त्या नावानं हाक मारा." राग आला होता आणि तो मी गिळला नाही.

गरोदरपणातल्या तपासणीत माझ्या रक्तात ब प्रकारची कावीळ निघाली होती. ताप नाही, अशक्तपणा नाही, काहीच नाही. मी एका वकिलांकडं टायपिंग करते, त्यामुळं आधी कायदाच धुंडाळला. एचआयव्ही असलेल्या माणसाला हिडीसफिडीस करू नये म्हणून कायदा आहे. आमच्या काविळीसाठी सरकारी कार्यक्रम आहे. गरोदर बाईला तपासा, बाळाला जन्मताच लस द्या, अशा सूचना आहेत. पण कुणी टाळाटाळ केली तर त्याला कोर्टात खेचावं असं कलम मला काही सापडलं नाही. वकीलसाहेब म्हणाले, "सूचना म्हणजे सूचना." म्हटलं, बरं, मग त्या पाळून घ्यायचं काम माझं.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. बाळाला दोन सुया, एक लसीची आणि एक तयार प्रतिपिंडांची, लगेच संरक्षण देणारी. पहिल्याच दिवशी, जितक्या लवकर तितकं बरं. ते चुकलं तर आईचा आजार लेकराला जन्मभर चिकटू शकतो आणि पुढं लिव्हर खातो.

सासूबाईंचा जन्म मेंढरांमागं गेलेला. मेंढराची पापणी खाली ओढून त्या दुखणं सांगायच्या. माझीही ओढली. "दुधावानी पांढरा डोळा हाय. कसली आलीय कावीळ?" तरी जिवाला घोर नको म्हणून मला हर्सूलहून आमच्या गावी पिशोरला नेलं, कावीळ उतरवणाऱ्या बाबाकडं. त्यानं माझ्या तळहातांना चुना आणि कसलासा पाला चोळला, परातीत हात धुवायला लावले. पाणी पिवळं झालं. सासूबाईंनी परातीला हात जोडले. मी गप्प बसले, कारण हात धुतल्यानं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते नंतर.

मुलगी सकाळी झाली. टाके पडले होते, मला झोप लागली. दुपारी डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "आत्याबाई, सुया दिल्या का?"

"आल्ती एक सिस्टर टरे घिऊन. मी म्हणलं, आमची कावीळ उतरवलेली हाय, लेकराला नगं टोचू. गेली बिचारी." चेहऱ्यावर समाधान होतं. लबाडी नव्हती, तेच तर अवघड होतं. लबाड माणसाशी भांडता येतं.

मी बाळाला उचललं आणि भिंतीला धरून सिस्टरच्या टेबलापाशी गेले. तिथं आता दुसरीच सिस्टर होती. "आजींनीच नको म्हटलं ना? उद्या सकाळी बघू."

"आई मी आहे. उद्या नाही, आज. सुया दिल्याशिवाय मी इथून हलत नाही." आणि मी तिच्याच खुर्चीत बसले.

सासूबाई मागोमाग आल्या. "अगं ऊठ, लोकं बघत्यात! दे लेकरू इकडं."

"बघू द्या." लेकरू मी दिलं नाही. टाक्यांतून कळा निघत होत्या, डोक्यात आग होती, आणि खरं सांगते, त्या खुर्चीत मला भीती अशी वाटलीच नाही. वाटली ती उशीर होण्याची. आवाज ऐकून डॉक्टरीणबाई आल्या. फ्रीजमधून लस निघाली. दुसरी सुई तिथं नव्हती, ती आमच्या ह्यांनी मेडिकलं पालथी घालून बर्फात ठेवून आणली. दोन मांड्यांत दोन सुया. पोरगी कळवळून रडली, मीही रडले. मग तिला तिथंच पाजलं.

पुढचे डोस झाले, वर्ष उलटल्यावर तिचं रक्त तपासलं. आजार नाही.

सासूबाईंनी पिशोरला पेढे वाटले. अंगणात भावकीतल्या बायका जमल्या होत्या, माझी धाकटी जाऊही, सातव्या महिन्यातली. "आमच्या बाबाच्या हाताला लई गुण," सासूबाई सांगत होत्या. "हिची उतरवली, लेकरू बी वाचलं. धाकटीला बी नेणार हाय."

घरची गोष्ट चारचौघांत काढायची नाही, असं ह्यांनी बजावलं होतं. मी पेढ्यांचं ताट खाली ठेवलं.

"माझी कावीळ उतरलेली नाही," मी म्हटलं. "माझ्या रक्तात ती आजही आहे. पोरगी वाचली ती पहिल्या दिवशीच्या सुयांनी. आणि धाकटीचं रक्त अजून कुणी तपासलेलं नाही."

पेढा हातात घेतलेल्या एकीनं तो हळूच परत ठेवला. सासूबाईंची मान खाली गेली.

धाकटी उठली, माझ्याजवळ येऊन बसली आणि ताटातला पेढा तोंडात टाकून म्हणाली, "जाऊबाई, मला रक्त तपासायला कवा नेता?"