नऊ बुधवार

मामेभावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती, कोल्हारला. पुरुषांच्या पंगती उठल्या, ते हॉलमधल्या सोफ्यांवर जाऊन टेकले. आम्हा बायकांची पंगत अजून बसायची होती. मी बडीशेपेची वाटी घेऊन हॉलच्या दारात आले, तेव्हा माझा मोठा भाऊ मोबाईलमध्ये बघून सांगत होता, "आपलं पार्क गेलं रे. प्लॉट पाडायला लागलेत तिथं."

पार्क म्हणजे कोल्हारपासून अर्ध्या तासावर, माळरानावर एका हौशी मालकानं उभं केलेलं पार्क. आधी तिथं बाग, आकाशपाळणा आणि झुकझुकगाडी एवढंच होतं. मग पाण्याच्या घसरगुंड्या आणि लाटांचा तलाव आला. शेवटी शेवटी मालकाच्या मुलानं सिमेंटचे डायनासोर बसवले आणि फोटो काढायच्या जागा केल्या. आमच्या घरातली दर उन्हाळ्याची एक सहल तिथं ठरलेली असायची.

हॉलमध्ये लगेच वाद सुरू झाला. पार्कचा सगळ्यात चांगला काळ कोणता? दादा म्हणाला, "घसरगुंड्या आल्या तो. ती पिवळी घसरगुंडी आठव. पाठ सोलून निघायची, पण मजा होती." मामेभाऊ म्हणाला, "झुकझुकगाडीचा काळ खरा. निवांत हुतं सगळं." दोघंही रंगात आले होते. कुठल्या वर्षी कोण कुठं घसरून पडलं, कुणाची चड्डी तलावात वाहून गेली, सगळं निघालं. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि माझं डोकं तापत चाललं होतं. कारण पिवळ्या घसरगुंडीचा काळ मी पाहिलाय. काठावरून.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आम्ही मामांच्या जीपमधून जायचो. मुलगे आणि मामा पाण्यात जायचे, आई, मामी आणि मी काठावरच्या सिमेंटच्या छत्रीखाली बसायचो. माझ्या हातात तीन घड्याळं असायची, मांडीवर सगळ्यांचे शर्ट, पायाशी चपलांचा ढीग. फरशी एवढी तापायची की पाय खाली टेकवत नसत. घाम, क्लोरीनचा वास आणि समोर माझा भाऊ ओरडत, खिदळत वरून खाली येतोय. तिकीट मात्र माझंही काढलेलं असायचं.

एकदा मी शर्ट आईच्या हातात दिले आणि लहान पोरांच्या उथळ तलावात उतरले. गुडघाभर पाणी. फ्रॉक गुडघ्यांच्या वर धरला होता. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील, दादानं लांबून पाहिलं आणि मामांना जाऊन सांगितलं. मामा मारणारे नव्हते. ते आले, मला हाताला धरून बाहेर काढलं आणि आईला म्हणाले, "आपल्यातल्या पोरी असं पाण्यात जात न्हाईत. पुढल्या वर्षीपास्नं बायकांना आणायचंच न्हाई."  आईनं माझ्या पायांवरचं पाणी पदरानं पुसलं. पुढच्या वर्षी खरोखरच आम्हाला नेलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. जीप फाटकातून निघायची, आम्ही ओट्यावरून बघायचो. हा तो चांगला काळ.

मोठी झाले, संगमनेरला शाळेत शिकवायला लागले. दहाएक वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या आम्ही काही जणी एकदा पार्कला गेलो, तर तलावाच्या काठावर तेच दृश्य. बाया शर्ट धरून बसलेल्या. मला राहवलं नाही. आम्ही सगळ्यांनी सह्या करून मालकाला अर्ज दिला, की आठवड्यातला एक दिवस फक्त बायकांसाठी ठेवा. माझी काही आशा नव्हती. पण मालक म्हातारा झाला होता आणि बुधवारी तसंही फार कुणी येत नसे. त्यानं त्या उन्हाळ्यात दर बुधवार बायकांना दिला. गेटापासून तलावाकाठी शिट्टी घेऊन लक्ष ठेवणाऱ्यापर्यंत सगळ्या बायकाच ठेवल्या.

पहिल्याच बुधवारी मी आईला घेऊन गेले. ती पन्नाशी ओलांडलेली. आयुष्यात साडीशिवाय काही नेसली-घातली नव्हती. तिथं नायलॉनचा बाह्यांचा शर्ट आणि पायघोळ विजार भाड्यानं मिळायची. कपडे बदलायच्या खोलीतून ती बाहेर आली ती दोन्ही हातांनी विजार ओढत. मला हसू आलं, तीही हसली. मला वाटलं, उथळ पाण्यात थोडी बसेल, पाय भिजवेल.

ती सरळ मोठ्या तलावाकडे गेली. मी मागून ओरडले, "आई, तिथं खोल आहे." ती पायऱ्या उतरली, छातीभर पाण्यात पोचली आणि तिनं अंग झोकून दिलं. मी घाबरून धावले. शिट्टीवाली बाई उठून उभी राहिली. आई पोहत होती. डोकं पाण्याबाहेर, हात कुत्र्यासारखे मारत, पण एका दमात तिनं सगळा तलाव पार केला आणि पलीकडची कड धरून उभी राहिली. मग वळून तशीच परत आली.

मी विचारलं, "तुला पोहता येतं?"

"येतं की. प्रवरेत पवायचे मी. आमी तिघी मैत्रिणी हुतो. बारा वर्षाची झाल्यावर आईनं बंद केलं."

"मला कधी बोलली नाहीस."

"त्यात काय बोलायचं," ती म्हणाली आणि पुन्हा पाण्यात शिरली.

चाळीस वर्षांहून जास्त काळ तिनं ते अंगात ठेवलं होतं. मामांच्या जीपमधून ती दरवर्षी त्या तलावाच्या काठावर येऊन बसली होती, आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं पोहता येत असताना, मांडीवर भावाचा शर्ट घेऊन. हे मला त्या दिवशी कळलं आणि तेव्हापासून जो राग आहे तो आहे.

त्या उन्हाळ्यात ती चार वेळा आली. गावातल्या दोघीतिघींना घेऊन यायची. एका मैत्रिणीला तिनं तरंगायला शिकवलं, पाठीखाली हात धरून. घरी परतताना गाडीत त्या एवढ्या मोठ्यानं हसायच्या की मला गाणं बंद करावं लागे. नऊ बुधवार असे गेले. दहाव्या बुधवारी आम्ही गेटावर पोचलो तर बाहेर फळा लावलेला: आजपासून सर्वांसाठी खुले. मी मालकाला भेटायचं म्हटलं, तर कळलं, आजारी आहेत. आई म्हणाली, "चल, रसवंती लागली तर रस पिऊन जाऊ." पाचव्यांदा ती कधी गेलीच नाही.

तर आता हॉलमध्ये वाद त्या उन्हाळ्यापर्यंत आला होता. दादा म्हणाला, "पार्क बसलं कधी माहितीये का? बायकांचा बुधवार सुरू केला तेव्हा. तिथनं सगळं बिघडलं."

मामेभाऊ हसला. "तो बुधवार मीच बंद करायला लावला की. पुण्याचे पाव्हणे घिऊन गेलो, तर गेटावरच्या बाईनं आत सोडलं न्हाई. पाव्हण्यांपुढं लई अपमान झाला. गेलो मालकाच्या पोराकडं. म्हणलं, तुझा बाप म्हातारा झालाय, त्याला अक्कल न्हाई, तू तरी बघ. आठ दिवसात काम झालं."

सगळे हसले. दादाही हसला.

मी वाटी टेबलावर ठेवली. एवढी जोरात की बडीशेप सांडली. "तू बंद केलास?" मी म्हणाले.

"अगं, जुनी गोष्ट हाय. घरोघरच्या बाया कपडे बदलून नाचत्यात, बरं दिसतं का?"

"तुझी आत्या होती त्या बायांत. माझी आई. तुम्ही सगळे मिळून पोहाल त्यापेक्षा चांगलं पोहत होती ती. आणि दादा, तू. मी गुडघाभर पाण्यात उतरले तर चुगली करायला पळालास. तुम्हाला चांगला काळ कोणता हे सांगायला जमतं, कारण तुमचे शर्ट धरायला आम्ही होतो."

 मामी मागून येऊन माझा दंड धरून कुजबुजली, "आज वास्तुशांत हाय, पोरी. आज नको." मला तिचाही राग आला.

आई तेवढ्यात पाण्याचा तांब्या घेऊन आत आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती मामेभावासमोर उभी राहिली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मला वाटलं हुतं मालकानं बंद केलं. तू केलं व्हय." आणि त्याच्या पेल्यात पाणी ओतलं. तोंडापर्यंत भरून. तो पेला त्यानं उचलला नाही.

मला अजूनही कळत नाही, तिनं ते पाणी का ओतलं. तो तांब्या मी त्याच्या डोक्यावर रिकामा केला असता. मी न जेवता निघाले. आई माझ्याबरोबर आली नाही. "पंगत राहिलीय, वाढायला कोण हाय," म्हणाली.

दोन दिवसांनी दादाचा फोन आला. आधी त्यानं समजूत घातली. एवढं मनाला लावून घेऊ नकोस, मामेभाऊ नाराज झालाय, त्याच्या घरचं कार्य होतं. मी ऐकून घेतलं. मग तो थांबला आणि म्हणाला, "आई खरंच पोहायची का गं?"

"तिलाच विचार," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानं विचारलं म्हणे. आईनंच मला सांगितलं. मी तिला म्हटलं, संगमनेरला पोहण्याचा तलाव आहे, सकाळी बायकांची वेळ असते, चल माझ्याकडे राहायला. ती गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आता ह्ये पाय पायऱ्या उतरत न्हाईत." डॉक्टरांनीही नको सांगितलंय. पायऱ्या ओल्या असतात, पडली तर खुब्याचं हाड जाईल.

म्हणजे चारच वेळा. बारा वर्षांची होती तेव्हापासून आजपर्यंत, आख्ख्या आयुष्यात चार वेळा, आणि तेही कुणाच्या तरी पाहुण्यांना गेटावरून परत जावं लागलं म्हणून संपलं. घरच्या ग्रुपवर पार्कचे जुने फोटो अजून येत असतात. खाली लोक लिहितात, काय दिवस होते ते. मी त्या ग्रुपमधून बाहेर पडलेली नाही. प्रत्येक फोटोखाली मी एकच प्रश्न लिहिते: फोटोत बायका कुठं आहेत? अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. मी लिहायचं थांबवणार नाही.