ईराचं सर्टिफिकेट

मी मरीन इंजिनियर. इंजिनरूममध्ये विचित्र आवाज आला की मी बेअरिंग तपासतो, भुताखेताचा विचार करत नाही. असले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकीच मी एक होतो... पण जे घडलं ते सांगतो.

२००६ साल. सिंगापूरला क्लेमेंटीत सातव्या मजल्यावर आमचा भाड्याचा फ्लॅट. मी जहाजावर असताना इकडे माझ्या बायकोचं, मेधाचं, पाचव्या महिन्यात पोटातलं बाळ गेलं. मुलगी होती. मी पोचलो तोवर हॉस्पिटलने सगळं परस्पर उरकलं होतं. मेधाला एक कागद दिला होता — त्यावर 'बाळ' हा शब्दसुद्धा नव्हता. 'टिश्यू' लिहिलं होतं.

मेधा एवढंच म्हणाली, "ती होती, असं कुठेतरी लिहून आण रे."

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्सच्या काउंटरवरचा माणूस नूडल्स खात होता. खाता खाताच सिंगापुरी ढंगात म्हणाला, "टू अर्ली, लाह. नो बेबी, नो सर्टिफिकेट." हनुवटीवरचा ओघळ त्याने पुसलासुद्धा नाही.

तीन आठवड्यांनी लेटरबॉक्समध्ये त्याच हॉस्पिटलचं पाकीट. आत जाड कार्ड. आमची दोघांची नावं, तारीख, वेळ, वजन... आणि मुलीचं नाव — ईरा.

"हे नाव तू दिलंस?" मेधाने विचारलं.

हे नाव मी जहाजावर, ड्यूटीवर एकटा असताना ठरवलं होतं. कुठे लिहिलं नव्हतं, कुणाजवळ बोललो नव्हतो.

"घरी आल्यावर तुला सांगणार होतो," मी म्हणालो.

कार्ड छातीशी धरून ती बाळ गेल्यापासून पहिल्यांदाच रडली.

आणि मी काय केलं? तिच्यावर संशय घेतला. फोनवर माझ्या तोंडून निसटलं असेल, हिनेच छापून घेतलं असेल... तिला न सांगता कार्ड घेऊन मी हॉस्पिटलमध्ये गेलो. स्वतःची सर्वांत जास्त किळस मला त्याबद्दल येते.

तोच माणूस. त्याने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. वेळ बरोबर, वजन ग्रॅमपर्यंत बरोबर. ते वजन मेधाला कधीच सांगितलं नव्हतं, फक्त त्यांच्या फाइलीत होतं. कार्डावरची सही मात्र ज्या नावाची होती, त्या नावाचं तिथे कुणीच नव्हतं.

"असं कार्ड आम्ही छापतच नाही," तो इंग्रजीत म्हणाला. मी हात पुढे करेपर्यंत त्याने ईराच्या नावावर 'इनव्हॅलिड'चा शिक्का मारला, झेरॉक्स काढून त्यांच्या फाइलीत लावली आणि कार्ड मला परत दिलं.

मेधाने शिक्का पाहिला. कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं आणि आत निघून गेली.

कार्ड कुणी पाठवलं, नाव कुठून कळलं — आजही मला सांगता येत नाही. एवढंच माहीत आहे की आमच्या मुलीचं नाव सरकारदरबारी कुठेच नाही. फक्त त्या हॉस्पिटलच्या फाइलीत आहे... बनावट कागद म्हणून. आणि तिथवर ते मीच नेऊन दिलं.