धुरकट पेले आणि रसायनशास्त्राचा प्राध्यापक

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. 'पाण्याचा कठीणपणा' हा धडा तर माझ्या खास आवडीचा. पाण्यात क्षार असले की साबणाला फेस येत नाही, भांड्यावर पांढरा थर बसतो, आणि तो टाळायला मिठाच्या मदतीनं पाणी मऊ करता येतं, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगायचो. मुलं पेंगायची. मी मात्र रंगात यायचो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे झालं त्यात माझ्या बाजूनं बोलायला काहीच उरत नाही.

दोन हजार तीन-चारच्या सुमारास बायकोच्या हातांना भेगा पडायला लागल्या. आधी बोटांच्या पेरांवर, मग तळहातावर. भाकरीचं पीठ मळताना ती ओठ दाबून धरायची. डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, साबणाच्या पाण्यात हात घालायचे नाहीत. भांड्याला बाई लावू म्हटलं तर तिला ते पटेना. दुसऱ्याच्या हातची घासलेली भांडी ती परत घासते, हे मला माहीत होतं. म्हणून मी भांडी धुण्याचं मशिन आणलं.

आमच्या कॉलनीत तसलं मशिन पहिलंच. शेजारीपाजारी बघायला आले. एकानं विचारलं, "सर, ह्यात धुणं बी टाकायचं का?" मी अर्धा तास व्याख्यान दिलं. मशिनबरोबर साबणाची पावडर, जाड मिठाची पिशवी आणि एक पुस्तिका आली होती. पुस्तिका मी कपाटावर ठेवली. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकानं साबण कसा घालायचा हे वाचून शिकायचं म्हणजे फारच झालं! मीठ बघून तर मी हसलो. स्टीलला मिठानं डाग पडतात, हे शाळेतल्या पोरालाही कळतं, असं म्हणून ती पिशवीही वर ठेवली. त्याच मिठाची आकृती मी त्याच आठवड्यात फळ्यावर काढली असणार.

आठ-दहा दिवसांत काचेचे पेले धुरकट झाले. स्टीलच्या वाट्यांवर पीठ सांडल्यासारखा थर दिसायला लागला. आमची कॉलनी गावाबाहेर नवीन झालेली, सगळं पाणी बोअरचं. न्हाणीतल्या बादलीला आतून पांढरं कडं आलं होतं, नळाच्या तोंडाला खरपुडी धरली होती. ते मी रोज सकाळी बघत होतो. पण न्हाणीत मी प्राध्यापक नसायचो बहुतेक.

मग माझे प्रयोग सुरू झाले. पावडर दुप्पट घातली, थर वाढला. निम्मी केली, खरकटं राहिलं. पावडर बदलली. भांडी आडवी लावली, तिरकी लावली. शेवटी स्टीलच हलकं म्हणून भांड्यांच्या दुकानदाराला नावं ठेवून आलो. रोजचा शिरस्ता ठरलेला होता. सकाळी जेवणाची, चहाची भांडी मशिनमध्ये लावून, बटण दाबून मी कॉलेजला जायचो आणि दुपारी चारला आल्यावर मशिन उघडायचो. ते उघडायचा मान माझा. बायको पदराला हात पुसत बाजूला उभी राहायची. मी पेला खिडकीशी धरायचो आणि माझं तोंड पडायचं.

एका पेपरच्या पुरवणीत वाचलं, की मशिनमध्ये अर्धं लिंबू टाकावं. टाकलं. त्या दिवशी चारला मशिन उघडलं, तर पेले आरपार, वाट्या लखलखीत! मी अक्षरशः ओरडलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिंबू, पुन्हा लखलखाट. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी 'लिंबू आणि आधुनिक स्वयंपाकघर' असा लेखही लिहून दिला. तो छापून आला, हे माझं दुर्दैव.

दोनेक महिन्यांनी सासरे आले. ते हुपरीचे. घरातच चांदीचा कारखाना, जन्मभर पैंजण घडवलेले. गुजरीतल्या सराफाकडं माल पोचवला की ते कधीमधी लेकीकडं चहाला यायचे. मी नुकताच कॉलेजातून आलो होतो. त्यांना हात धरून मशिनपुढं नेलं, दार उघडलं आणि एक वाटी त्यांच्या हातात ठेवली.

"बघा मामा! हात न लावता."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. वाटी उजेडाला धरून सावकाश फिरवली.

"पावणं, ह्यात आत घासणी असती व्हय?"

"नाही हो. नुसते पाण्याचे फवारे."

"मग ही हातानं घासलीया."

मी हसलो. त्यांनी वाटी माझ्यापुढं धरली आणि बोट ठेवून दाखवलं. वाटीच्या तळाला बारीक बारीक गोल वळ होते, एकात एक. "फवाऱ्यानं असं वळ उठत न्हाईत. ह्यो हाताचा घासा हाय. पैंजणावर हेच बघण्यात हयात गेली की माझी." मग त्यांनी वाटी नाकाशी नेली. "आन् चिंचंचा वास येतोय."

चांदी उजळायला हुपरीत घरोघरी चिंच वापरायचे. बायको तेच बघत वाढलेली. ती ओट्याशी उभी होती, हात पदराखाली. सासरे तिच्याकडं वळले.

"हात बघू, बाळ."

तिनं बाहेर काढले नाहीत. त्यांनीच पदर बाजूला केला. भेगा पहिल्यापेक्षा खोल झाल्या होत्या, दोन ठिकाणी रक्त दिसत होतं. ज्या हातांसाठी मशिन आणलं, ते दोन महिने मी बघितलेच नव्हते. मी पेले बघत होतो.

लिंबू टाकलं त्या दिवसापासून, मी कॉलेजला गेलो आणि मशिन थांबलं की ती सगळी भांडी बाहेर काढून चिंचेच्या पाण्यानं घासायची, पुसायची आणि मी लावली होती तशीच्या तशी परत आत लावून दार बंद करायची.

"अगं, पण सांगायचं की!" मी म्हणालो.

"काय सांगू? माझ्यासाठीच आणलं न्हवं तुम्ही? आन् लिंबू टाकलं त्या दिवशी किती आशेनं गेलता कॉलेजला."

 सासरे चहा न घेताच हुपरीच्या गाडीनं गेले. ते रागावून बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी मी एक पेला चिंचेच्या पाण्यानं घासून बघितला. माझ्या बोटाला कागदानं कापल्याची एक बारीक चीर होती. तेवढ्यानंही डोळ्यांत पाणी आलं. मला माझी भयंकर लाज वाटली, आणि त्या लेखाची त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी बाटलीभर बोअरचं पाणी प्रयोगशाळेत नेऊन तपासलं. इतकं कठीण पाणी मी मुलांना उदाहरण म्हणूनही कधी दिलं नव्हतं. घरी येऊन कपाटावरची पुस्तिका काढली. तिसऱ्याच पानावर लिहिलं होतं, की आधी पाणी तपासा, त्याप्रमाणे आतला काटा फिरवा आणि मीठ भरा. आमचा काटा शून्यावर होता. तो शेवटपर्यंत फिरवला, मिठाची पिशवी मशिनच्या तळाशी असलेल्या मिठाच्या खणात रिकामी केली आणि पुढच्या सकाळी मशिन लावून कॉलेजला गेलो. लिंबू टाकलं नाही.

चारला घरी आलो. बायको नेहमीसारखी मशिनपाशी येऊन उभी राहिली. "उघडा की," ती म्हणाली.

मी उघडलं नाही. आधी तिचे दोन्ही हात धरून नाकाशी नेले.

"न्हाय धुतलं आज. खरंच न्हाय," ती म्हणाली.

तरी मी पुन्हा वास घेतला. चिंचेचा नव्हता. नुसता मलमाचा होता.