कूलरची ताटी

हिवाळा आला की मी माझ्या भाड्याच्या खोल्यांवर हल्ला करते. दुसरा शब्द नाही त्याला. नाताळ ते नवीन वर्ष या सुट्टीच्या दिवसांत नागपुरातला एकही मिस्त्री फोन उचलत नाही, आणि नेमके तेव्हाच नळ तुटतात, गिझर बंद पडतात. म्हणून दिवाळी आटोपली की मी हातोडी आणि पाना घेऊन वर चढते. भाडेकरू मला तोंडावर काकू म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि ते खोटं नाही.

हिंगण्याच्या कारखान्यांत शिफ्ट करणारी ही माणसं. खोल्या वरच्या मजल्यावर एका ओळीत, समोर सगळ्यांची मिळून एक गॅलरी. आधी खिडक्यांतले कूलर उतरवायचे, मोकळ्या खिडकीवर प्लायवूड ठोकायचं. मग गॅस गिझर. तो बाथरूमच्या आतच असतो, त्यामुळे छताजवळच्या रोशनदानातून हवा खेळती राहिलीच पाहिजे. त्या रोशनदानांच्या काचा मी स्वतः फोडल्या आहेत, आणि बजावून ठेवलं आहे की भोक बुजवलंत तर सामान रस्त्यावर फेकीन.

शेवटच्या खोलीत नवं लग्न झालेलं जोडपं होतं. बायको खाप्याहून नुकतीच आलेली. काच फुटल्याबरोबर नवरा माझ्यावर चढून आला.

"काकू, तिले थंडी वाजते. वरून सारी हवा येऊन राहिली."

"वाजू दे. थंडीनं नाई मरत गा. गॅसनं मरते माणूस."

तो खाली पडलेल्या काचा गोळा करायला लागला. मला वाटलं, पटलं.

नाताळच्या सकाळी सगळे घरी होते. खाली अंगणात सांडपाण्याच्या पाइपातून पाणी धो धो वाहत होतं, थांबायचं नावच नाही. माझं डोकं फिरलं. शिव्या देतच मी जिना चढले. शेवटच्या खोलीतला तो नवरा गॅलरीत उन्हात बसून दाढी करत होता.

"नळ कोणी सोडला?"

"ती नाहून राहिली."

मी त्याच्या खोलीत घुसले आणि बाथरूमच्या दाराशी उभी राहिले. आत बादली भरून वाहताना ऐकू येत होती. पण मग्ग्याचा आवाज नव्हता. हाका मारल्या, दार बडवलं. काही नाही. धावत गॅलरीत येऊन वर पाहिलं, तर रोशनदानात उतरवलेल्या कूलरची ताटी कोंबलेली. उन्हाळ्यात पाणी पिऊन थंड हवा देणारी ती खसाची, म्हणजे वाळ्याची ताटी, चिंध्यांनी ठासून बसवलेली.

"सब्बल आणा!" मी ओरडले. शेजारच्या खोल्यांतले दोघे लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन धावत आले, आणि हा नवरा अर्ध्या दाढीचा फेस तसाच ठेवून बाथरूमच्या दारात आडवा उभा राहिला.

"कोणी दार नाई तोडाचं! ती बिनकपड्याची हाय आत!"

"मरून राहिली ती!"

"मंग तुम्ही एकट्या तोडा. माणसं नाई येत आत."

पहिल्याची कॉलर धरून त्याने त्याला खाटेवर आपटलं. दुसऱ्याच्या तोंडावर कोपर बसलं, ओठ फाटला, रक्त शर्टावर आलं. सब्बल मी उचलली. मला त्याने अडवलं नाही. जीव खाऊन मारली, पण दाराची नुसती साल निघाली. मनगटात कळ गेली. कडी मीच मजबूत बसवून घेतलेली.

मग सब्बल टाकून मी वळले आणि कमरेला खोचलेली हातोडी काढून तिच्या दांड्याने त्यालाच झोडपलं. खांद्यावर, पाठीवर, बसेल तिथे. खरं सांगते, त्या क्षणी तो मेला असता तरी मला चाललं असतं. तो मार खात राहिला, हात उचलला नाही, पण दारही सोडलं नाही. शेवटी मी त्याचे केस मुठीत धरले आणि त्याचा कान दारावर आपटला.

"ऐक! मग्ग्याचा आवाज येते काय? सांग मले!"

त्याने ऐकलं. खाली पडलेली सब्बल उचलून तो दारावर तुटून पडला. फळी फुटली, कडी उखडली. आत शिरताना मात्र मागे वळून ओरडला, "तिकडं तोंड करा!" आणि ते दोघे, एक रक्ताळलेल्या ओठांचा, निमूट भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

ती नळाखाली पडली होती. मी गिझर बंद केला, खाटेवरची चादर ओढून तिच्यावर टाकली. त्याने तिला उचलून गॅलरीत मोकळ्या हवेत आणलं. ऑटो बोलवायला दोघे खाली धावले. मी तिचे तळवे घासत होते आणि मोठ्याने शिव्या देत होते. कोणाला ते मलाही कळत नव्हतं.

बऱ्याच वेळाने ती खोकली, ओकली. डोळे उघडले. नवऱ्याचा सुजलेला चेहरा, माझे हात, काहीच तिने पाहिलं नाही. चादरीचं टोक गुडघ्यांवर ओढून तिने विचारलं, "कोणी पाह्यलं काय मले?"

"कोणीच नाई," तो म्हणाला.

ते ऐकून तिने समाधानाने डोळे मिटले. मी इतकी घाबरले की खाडकन तिच्या गालावर एक मारली. ती मोठ्याने रडायला लागली, आणि तिला रडताना ऐकून मीही.