ताकदीची पावडर

आमचे सासरे मिठागरात डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहत म्हातारे झाले. नव्या शहरासाठी मिठागर गेलं, शेत गेलं आणि ते ओट्यावर बसून राहू लागले. त्यातच, एकोणीसशे ऐंशीच्या आसपास एका पावसाळ्यात, त्यांना टायफॉइड झाला. ताप उतरला, पण मांड्या-पोटऱ्या पार सुकल्या. ओट्यावरून उठताना कुणी बघत नाही ना, हे ते आधी पाहत आणि मगच हात टेकत.

माझे यजमान महाप्याला एका कारखान्यात होते. तिथल्या सोबत्याने त्यांना ताकदीची पावडर सांगितली. एक फिरता विक्रेता ती साध्या प्लास्टिकच्या पिशवीत आणून द्यायचा. पिशवीवर ना नाव, ना आत काय आहे ते. "म्हाताऱ्या माणसांसाठीच आहे, नुसती प्रथिनं आणि जडीबुटी," असं तो सांगे. रोज दुधातून द्यायची.

गुण लगेच आला. गुडघ्यांची कुरकुर थांबली. "बाय, आजून एक भाकर दे, भूक लागलीय मना," असं ते स्वतःहून म्हणू लागले. गाल भरले. शेजारीण तिच्या आईसाठी तीच पावडर घेऊन गेली. घरात सगळे खूष होते, मीसुद्धा.

पण ते कमरेला रुमाल गुंडाळून बसत, त्यामुळे पाय दिसायचे. तोंड गोल गरगरीत, पोट पुढे, आणि मांड्या मात्र आधीपेक्षा बारीक. घोट्यांवर सूज. पाण्याचा तांब्या सारखा रिकामा होई. दाराची कडी नुसती हाताला लागली तरी काळंनिळं उठायचं.

यजमानांना बोलले तर ते चिडले. "अगं, माणूस खातोय, हसतोय. तुला चांगलं बघवत नाही का?"

शेवटी मीच सासऱ्यांना रिक्षात घालून वाशीला डॉक्टरांकडे नेलं. पिशवीही बरोबर घेतली. डॉक्टरांनी घोट्यावर बोट दाबलं, तिथे खळगा पडला. लघवी तपासली तर साखर.

"यात स्टिरॉइड मिसळलेलं असणार," ते म्हणाले. "त्याने भूक लागते, दुखणं दबतं. पण आतून स्नायू झिजत जातात."

"मग आज ही फेकूनच देते."

"फेका, पण औषधाशिवाय एक दिवसही ठेवू नका. शरीराची स्वतःचं स्टिरॉइड बनवायची सवय मोडलीय, एकदम बंद केलं तर जिवावर बेतेल. मी मोजून गोळी देतो, हळूहळू कमी करू. उलटी झाली, चक्कर आली, तर तडक इकडे."

घरी आल्यावर सासरे भिंतीकडे तोंड करून बसले. "आता कुठं उबा रायलो, आनि तुमी मना परत पाडता?"

मी शेजारणीलाही सांगितलं. ती आईला घेऊन दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेली. कारखान्यातला तो सोबती मात्र हसला म्हणे. तुमच्या म्हाताऱ्याला मानवली नसेल, एवढंच.

पुढचे काही महिने माझा जीव थाऱ्यावर नव्हता. स्वयंपाक करतानाही कान ओट्याकडे असत. गोळी कमी केल्यावर एका सकाळी ते उठेचनात. अंग गार, चहाचा घोटही पोटात टिकेना. यजमानांनी त्यांना उचलून रिक्षात घातलं. वाटेत ते वडलांचे तळवे चोळत राहिले. दवाखान्यात सलाईन लागलं, गोळी पुन्हा वाढवली. मग आणखी सावकाश उतरवत नेली.

हळूहळू गाल बसले, सूज गेली, साखरही आटोक्यात आली. डाळ, अंडी, मासळी रोज पोटात जाईल हे मी बघत होते. डॉक्टरांनी खुर्चीतून उठबस करायला सांगितली होती. यजमान कामावरून आले की समोर उभे राहून ती करून घेत. सासरे शिव्या देत, पण उठत.

पहिल्यासारखे दणकट ते कधी झाले नाहीत. पण काठी घेऊन खाडीच्या बांधापर्यंत जाऊ लागले. मी जरा अंतर ठेवून मागे जायची. त्यांना ते कळायचं.

"बाय, घरी जा," ते मागे न बघता म्हणायचे. "नाय पडत मी."

मी थांबायची. ते पुढच्या वळणाआड गेले की पुन्हा निघायची.