कुंकवाआधीची सुई

रेणापूर, औशाकडच्या काही घरांत आजही सोयरीक ठरताना कुंकवाच्या आधी सुई लागते. पोराला एक, पोरीला एक. "उमाबाईची सुई झाली का?" म्हणून म्हातारी माणसं विचारतात, आणि झाली म्हटल्याशिवाय सुपारी फुटत नाही. विचारणाऱ्यांतल्या निम्म्यांना उमाबाई कोण हेच ठाऊक नाही. मोठी डॉक्टरीण होती, रक्तावर शोध लावले, इतकंच. अहो, त्या शोधापायी बाईचं काय गेलं ते कोणी सांगत नाही. म्हणून आपण सांगायचं.

लातूरच्या मोंढ्यात चंद्रप्पांची आडत होती. उमा त्यांची धाकटी लेक. तिच्या बारशाला रेणापूरची मामी आली ती हिरवा खण घेऊनच. खण पाळण्यात ठेवला आणि चारचौघींत म्हणाली, "पोरगी आमची." संपलं. मामाचा हक्क पहिला, त्यापुढं बोलायची आपल्याकडं कोणाची टाप नव्हती. मामीचा बसवंत तेव्हा नुकता पळायला लागला होता. त्याच्याकडून पाळणा हलवून घेतला आणि सगळ्याजणी हसल्या.

उमाला कळायला लागलं तेव्हापासून आपण कुणाच्या घरी जाणार हे तिला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर तिला तिथंच जायचं होतं. सुट्टीत ती रेणापूरला गेली की बसवंत तिच्यासाठी कवठं पाडून ठेवायचा. गुळात कालवून दोघं एकाच वाटीत खायची. मामी बघून न बघितल्यासारखं करायची.

उमाची थोरली बहीण पार्वतम्मा, तिची अक्का, तर सख्ख्या धाकट्या मामालाच दिलेली. तेही रीतीतलंच. अक्काची लेकरं जन्मायची गुटगुटीत आणि वर्षाच्या आत पांढरी पडायची. पोट सुटायचं, कपाळ पुढं यायचं, आणि एक दिवस जायची. माहूरला देवीपुढं पदर पसरून झाला, अंगारे झाले, ताईत झाले. मग सगळं बोलणं अक्कावर आलं, की हिची कूसच वाईट. शेवटचं लेकरू गेलं तेव्हा उमा तिथंच होती. अक्का रडली नाही, रिकाम्या कुंचीची घडी घालत आणि मोडत बसली. उमानं घरी येऊन बापाला सांगितलं, मला डॉक्टर व्हायचंय.

चंद्रप्पा हट्टी गडी, पण लेकीपुढं विरघळायचे. त्यांनी तिला हैदराबादला धाडलं. "शीक. पण मामाला दिलेला शब्द ध्यानात ठेव," एवढंच बोलले. शब्द ती विसरणार होती थोडीच. इकडं बसवंतला लोक म्हणायचे, "बायको डॉक्टर व्हईपर्यंत तुझी दाढी पिकंल की रं." तो हसायचा आणि थांबायचा. इतकी वर्षं थांबणारा पुरुष म्हणजे त्या काळात नवलच होतं.

हैदराबादेत तिनं रक्ताचंच काम धरलं. ओल्या कागदाच्या पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवायचा, पट्टीतून वीज सोडायची आणि रक्तातला रंग कुठवर सरकतो ते बघायचं. त्यातूनच तिला अक्काच्या लेकरांचा रोग उमगला. थॅलेसेमिया त्याचं नाव. एकट्या आईच्या किंवा एकट्या बापाच्या रक्तात तो दडलेला असला तर काही बिघडत नाही, माणूस धडधाकट जगतो. दोघांच्याही रक्तात असला तर मात्र लेकरात उघडा पडतो. सुट्टीत लातूरला आली तेव्हा तिनं स्वतःचं रक्त घेतलं, आणि हसत हसत बसवंतचंही घेतलं. तपासलं तर दोघांच्याही रक्तात तो निघाला.

पुढच्या खेपेला मोंढ्यामागच्या चिंचेखाली तिनं त्याला ते सांगितलं. "चारातलं एखादं लेकरू अक्काच्या लेकरांसारखं होईल, बसवंता. नशीब फिरलं तर सगळीच."

"मंग लेकरंच नकोत," तो म्हणाला. "मला तू पायजेस."

"आज म्हणतोस. मामी नातवासाठी डोळे लावून बसेल, तवाबी म्हणशील?"

आता इथं तिला त्याच्याकडून एकच शब्द हवा होता. हाव, म्हणजे हो. तेवढ्यावर ती सगळ्या गोताशी भांडली असती. बसवंत चिंचेच्या खोडाकडं बघत राहिला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं, हीच तर पंचाईत. दुसऱ्या दिवशी उमानं रेणापूर गाठलं आणि हिरवा खण मामीच्या हातात परत दिला.

गोतात गहजब झाला. पण शिकलेली पोरगी सांगते म्हटल्यावर एक गोष्ट लोकांच्या डोक्यात बसली, आणि नेमकी चुकीची बसली. नात्यात करू नये, परक्यात केलं की भ्या न्हाई. मामांनी बसवंतसाठी औशाची नीलाबाई शोधली. सात पिढ्यांत कुठं नातं नाही, म्हणून सगळे निर्धास्त. उमा पुन्हा रेणापूरला गेली. म्हणाली, "मामा, मुलीचं रक्त तेवढं बघू द्या. नातं नसलं तरी असू शकतं."

मामी शांतपणे म्हणाली, "उमे, तुझं मन अजून आमच्या उंबऱ्यात अडकलंय."

आणि ते खरंच होतं. म्हणून तर आली तशी ती माघारी गेली.

नांदेडला दोन खोल्या घेऊन तिनं आपली प्रयोगशाळा थाटली. परक्यांतही हा रोग निघतो हे दाखवायचं तर गावोगावचं, जातीजातीचं रक्त पाहिजे. देणार कोण? बहात्तरच्या दुष्काळात ती माहूरच्या बाजूला खडी फोडायच्या कामांवर जायची. माणसं सरकारी खाण्याच्या, सुकडीच्या रांगेत उभी, आणि ही सुई घेऊन. केवळाबाई नावाची एक म्हातारी म्हणाली, "आदीच अंगात रगत न्हाई बाई, आन् तू काढून राहिलीस." उमानं कशासाठी ते समजावलं आणि आधी स्वतःचं बोट टोचलं. म्हातारीनं वाकून बघितलं. "आमच्यावानीच लाल हाय की," म्हणाली आणि आपलं बोट पुढं केलं. मग तिच्यामागं बाकीच्या बाया आल्या. त्या कामावरून उमाबाईंनी लिहिलेलं पुढं परदेशात छापून आलं, मोठमोठी माणसं नांदेडला त्यांचं दार विचारत आली.

त्याच दुष्काळात एका दुपारी बसवंत दारात उभा राहिला. बरोबर नीलाबाई, तिच्या कडेवर लहानगा शिवलिंग, पांढरा फटक. थोरली लेक कावेरी ठणठणीत होती, तिला घरी ठेवून आले होते. विहीर आटलेली, खायचे हाल, पोरगं उपासानं सुकलं असं त्यांना वाटत होतं. उमाबाईंनी पोराचं कपाळ बघितलं आणि त्यांना अक्काची लेकरं दिसली. तरी त्यांनी तिघांचं रक्त तपासलं. नीलाबाईच्या रक्तातही तो रोग दडलेला होता.

"आम्ही नात्यात केलं न्हाई," बसवंत म्हणाला.

"परक्यातबी असतं. सांगितलं होतं मी."

नीलाबाई पोराला पाणी पाजायला बाहेर गेली तेव्हा तो म्हणाला, "मंग तुला कशापायी सोडलं मी, उमे?"

पुढं मरेपर्यंत तो प्रश्न उमाबाईंच्या उशाशी होता.

शिवलिंगला दर महिन्याला रक्त चढवायला नांदेडला आणावं लागायचं. मुक्काम आत्याकडं, म्हणजे उमाबाईंकडं. येताना पोरगं पिशवीतून कवठं आणायचं. "आप्पांनी पाडलीत," म्हणायचं. उमाबाई बसस्टँडवर जाऊन थांबायच्या. पोराच्या दुखण्यापायी का होईना, आपल्या घरात चार माणसांची ताटं मांडली जातात ह्याचा त्यांना आनंद व्हायचा, आणि झालेल्या आनंदाची मनस्वी लाज वाटायची. नीलाबाईला हे कळत नव्हतं असं नाही. बायकांना कळतं. ती फक्त वाढताना म्हणायची, "तुम्हीबी बसा की आमच्यासंगं."

लातूर नवा जिल्हा झाला त्या पावसाळ्यात शिवलिंग गेला. गावात गुलाल उधळत होता, मिठाई वाटली जात होती, आणि इकडं ह्यांनी पोराला रीतीप्रमाणं शेतात मांडी घालून बसवून माती दिली. उमाबाईंनी नांदेड सोडलं. नव्या जिल्ह्यात, लातूरला, बापाच्या आडतीमागं प्रयोगशाळा काढली. का आलात म्हणून कोणी विचारलं तर, इथलं काम राहिलंय, म्हणायच्या.

पुढं कावेरी लग्नाची झाली. औशाच्या मामानं, नीलाबाईच्या भावानं, आपल्या पोरासाठी, भीमाशंकरसाठी हक्क सांगितला. पोरीच्याही मनात तोच होता. सुपारीला माणसं जमली, आणि बसवंतनं सगळ्यांसमोर सांगितलं, "आदी उमाकडं सुई. मंग कुंकू." औशाचे पाहुणे चिडले, उठून जायला निघाले. बसवंत दारात आडवा उभा राहिला. चिंचेखाली जो शब्द फुटला नव्हता, तो आता फुटला होता.

रक्त उमाबाईंनी स्वतःच तपासलं. कावेरीच्या रक्तात रोग दडलेला होता. भीमाशंकरच्या? त्यांनी पुन्हा एकदा पट्टी लावली. बाहेर बाकड्यावर दोन्ही घरं बसलेली, पोरीचा जीव टांगणीला. भीमाशंकरचं रक्त स्वच्छ होतं.

"करा लग्न," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "नात्यातलं असलं तरी करा."

नीलाबाईनं पिशवीतून एक जुना हिरवा खण काढला. मामीनं तो इतकी वर्षं ट्रंकेत जपून ठेवला होता. "पोरीची ओटी तुम्हीच भरा," ती म्हणाली. औशाच्या एका बाईनं नाक मुरडलं, की ओटी भरायला सवाष्ण लागते, ही तर बिनलग्नाची. नीलाबाईनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

उमाबाईंनी खण हातात घेतला. बसवंत भिंतीला टेकून उभा होता, त्याच्याकडं त्यांनी एकदा बघितलं. मग पोरीच्या पदरात खण घातला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जा बाई. मामाच्या घरी जा."